छेदात कोण? संस्थात्मक संशोधनाच्या शिक्षणाबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत एक अशी कचेरी असते, जिची पायरी विद्यार्थी सहसा चढत नाहीत. पण प्रत्येक विद्यार्थी तिथल्या तक्त्यात एक ओळ होऊन बसलेला असतो. दारावर पाटी ‘ऑफिस ऑफ इन्स्टिट्यूशनल रिसर्च’, बोलताना नुसतं आयआर. किती जण आले, किती टिकले, कोणत्या विभागाला किती शिक्षक लागतील, फी वाढवली तर कोण गळेल, हे विद्यापीठाला स्वतःबद्दल पडणारे प्रश्न इथे सोडवले जातात. १९६० च्या दशकात हा स्वतंत्र पेशा म्हणून उभा राहिला आणि त्याच सुमारास ‘असोसिएशन फॉर इन्स्टिट्यूशनल रिसर्च’ ही त्याची संघटनाही. या पेशात शिरायचं तर पदव्युत्तर पातळीवर काय शिकावं, अशी विचारणा करणाऱ्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: मी अमेरिकेत सांख्यिकीत एमएस करते आहे. रिग्रेशन, सॅम्पलिंग, टाइम सिरीज झालं आहे. एवढ्यावर आयआरमध्ये नोकरी मिळेल, की ‘उच्च शिक्षण’ या विषयाची वेगळी पदवी लागेल?

उत्तर: मिळू शकेल. ‘सांख्यिकी, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा तत्सम विषयातली पदव्युत्तर पदवी’ असंच बहुतेक जाहिरातींत असतं. पण रुजू झाल्यावर पहिले सहा महिने तुम्ही अडखळाल ते रिग्रेशनमध्ये नव्हे, साध्या भागाकारात.

समजा, वरून विचारणा आली: पहिल्या वर्षाचे किती टक्के विद्यार्थी दुसऱ्या वर्षी परत आले? एकाने सेन्सस डेटचा पट घेतला. सेन्सस डेट म्हणजे सत्र सुरू झाल्यावर काही दिवसांनी येणारी ती तारीख, ज्या दिवशीची पटसंख्या अधिकृत धरतात. त्यात पूर्णवेळ, पहिल्यांदाच कॉलेजात आलेले आणि पदवीसाठी नाव घातलेले १,२०० विद्यार्थी होते. पुढच्या वर्षीच्या सेन्सस डेटला त्यातले ९६० हजर. उत्तर ८० टक्के. दुसऱ्याने वर्ग सुरू झाले त्या दिवशीची यादी घेतली. तिच्यात १,२३६ नावं होती, कारण सेन्ससच्या आधीच ३६ जणांनी नाव काढून घेतलं होतं. ९६० भागिले १,२३६, म्हणजे ७७.७ टक्के. तिसऱ्याने अर्धवेळ विद्यार्थीही धरले: १५० जणांतले ७५ परतले होते, म्हणून १,०३५ भागिले १,३५०, उत्तर ७६.७. चौथ्याच्या लक्षात आलं की त्या वर्षात दोन विद्यार्थी वारले, आणि नियमाने मृतांना तुकडीतून वगळता येतं. ९६० भागिले १,१९८, उत्तर ८०.१.

एकाच कॉलेजचे चार आकडे, आणि गणित कुणाचंच चुकलेलं नाही. फरक छेदाचा आहे. कोणता छेद कुठे वापरायचा हे सांख्यिकीच्या वर्गात शिकवत नाहीत, कारण तिथे डेटा आधीच कुणीतरी निवडून ताटात वाढलेला असतो.

उच्च शिक्षणाचे अभ्यासक पॅट्रिक टेरेंझिनी यांनी १९९३ मध्ये या पेशाला लागणाऱ्या ज्ञानाचे तीन थर सांगितले, ते आजही उपयोगी पडतात. पहिला थर तांत्रिक: पद्धती, सॉफ्टवेअर, व्याख्या. दुसरा प्रश्नांच्या जाणिवेचा: प्रवेश, अर्थसाहाय्य, वेळापत्रक, शिक्षकभरती हे कारभार कसे चालतात आणि कुठे अडतात. तिसरा संदर्भाचा: याच संस्थेचा इतिहास काय, इथे निर्णय खरोखर कोण घेतं, कोणता विभाग कशाबद्दल हळवा आहे. तुमच्याकडे पहिल्या थराचा मोठा भाग आहे. दुसऱ्यासाठी अख्खी पदवी नको; उच्च शिक्षणाच्या विभागातले दोन अभ्यासक्रम ऐच्छिक म्हणून घ्या, एक विद्यापीठ प्रशासनावरचा आणि एक शैक्षणिक वित्त किंवा अर्थसाहाय्यावरचा. तिसरा थर कुठल्याच वर्गात मिळत नाही.

प्रश्न: सर्टिफिकेट, मास्टर्स आणि पीएचडी यांतलं नेमकं काय निवडावं? संचालकपदाच्या जाहिरातींत पीएचडी मागतात म्हणून मी थेट पीएचडीलाच अर्ज करावा का?

उत्तर: फक्त त्या कारणासाठी करू नका. विश्लेषकाच्या कामाला मास्टर्स पुरतं. संचालकपदाला डॉक्टरेट बऱ्याचदा मागतात हे खरं, पण तिच्याबरोबर अनुभवही मागतात, आणि पाच-सहा वर्षं प्रबंधात घालवून बाहेर पडलेल्या माणसाकडे तोच नसतो. आधी मास्टर्स, मग नोकरी, आणि नोकरी करताना संस्थेच्या फी-सवलतीत डॉक्टरेट, ही वाट या पेशात चांगलीच रुळलेली आहे. संशोधन हेच तुमचं ध्येय असेल तर गोष्ट वेगळी. मग मिशिगन, पेन स्टेट, इंडियाना, जॉर्जिया, यूसीएलए या विद्यापीठांचे उच्च शिक्षणाचे विभाग पाहा. मोठी सर्वेक्षणंही यांतल्याच काही ठिकाणी चालतात: नव्या विद्यार्थ्यांचं देशव्यापी सर्वेक्षण १९६६ मध्ये सुरू झालं आणि पुढे यूसीएलएकडे आलं, विद्यार्थी अभ्यासात किती गुंततात ते मोजणारं ‘नेसी’ २००० पासून इंडियानातून चालतं. अशा प्रकल्पावर सहायक म्हणून काम मिळालं तर प्रश्नावली कशी घडते आणि कुठे फसते हे आतून कळतं.

सर्टिफिकेट साधारण १५ ते १८ क्रेडिटचं असतं, पुष्कळदा ऑनलाइन. ते कुणासाठी? ज्यांच्याकडे दुसऱ्या विषयातली मास्टर्स आहे आणि जे कॉलेजच्या रजिस्ट्रार, प्रवेश किंवा अर्थसाहाय्य विभागात आधीच आहेत, त्यांच्यासाठी. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. शिकवणाऱ्यांत सध्या आयआर कचेरी चालवणारं कुणी आहे का? शेवटचा प्रकल्प खऱ्या, मळक्या डेटावर असतो की धुऊन दिलेल्या फाइलवर? आणि ही क्रेडिट्स पुढे मास्टर्स-पीएचडीत धरतात का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर अर्ज करू नका.

प्रश्न: पीएचडीत संख्यात्मक पद्धतींचे चार अभ्यासक्रम घेता येतात. आयआरच्या दृष्टीने कोणते घ्यावेत?

उत्तर: पहिला लॉजिस्टिक रिग्रेशनपर्यंत नेणारा, कारण इथले बहुतेक प्रश्न हो-नाहीचे असतात: टिकला की गेला, उत्तीर्ण की नापास. दुसरा बहुस्तरीय मॉडेल्सचा. विद्यार्थी वर्गांत बसतात, वर्ग विभागांत, विभाग संस्थेत. नवी अध्यापनपद्धत ४० वर्गांपैकी २० वर्गांत लावली आणि एकूण विद्यार्थी २,००० असले, तरी तुमच्या हातात २,००० स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. पद्धत वर्गाला लागली आहे, विद्यार्थ्याला नाही. पुराव्याचं वजन ४० वर्गांच्या आसपासच आहे. हे विसरलात तर स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप, खोटी लहान येते आणि नसलेला परिणाम ‘सिद्ध’ होतो. हा अहवाल वाचून कुणीतरी पैसे मंजूर करतं, हे ध्यानात ठेवा.

तिसरा कार्यकारणभावाचा, आणि एकच निवडायचा झाला तर आम्ही हाच सांगू. शिकवणी केंद्राचे प्रमुख नेहमी घेऊन येतात तो आलेख आठवा: केंद्रात येणारे विद्यार्थी जास्त उत्तीर्ण होतात. होणारच. स्वतःहून शिकवणीला येणारा विद्यार्थी मुळातच धडपड्या असतो. आधीचे गुण, घेतलेली क्रेडिट्स, नोकरीचे तास जुळवून तुलना करता येते, पण धडपड हा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. त्यापेक्षा बरी संधी प्रवेशचाचणीच्या कटऑफवर मिळते. ५० च्या खाली गुण असलेल्यांना पूरक वर्ग सक्तीचा असेल, तर ४९ आणि ५० मिळवणारे जवळपास सारखेच. त्यांची तुलना पूरक वर्गाचा खरा परिणाम दाखवते. याला रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात. मात्र मॉडेल चालवण्याआधी गुणांचा साधा हिस्टोग्राम काढा. ५० वर अचानक उंच खांब आणि ४८-४९ वर खड्डा दिसला, तर समजा की फेरपरीक्षा देऊन मुलं सरकली आहेत किंवा कुणी मेहेरबानीचे गुण दिले आहेत. तिथे ही पद्धत कोसळते. हे दोन मिनिटांचं काम न करता केलेले प्रबंध आहेत.

चौथा प्रश्नावली-रचनेचा किंवा गुणात्मक मुलाखतींचा. संख्या आवडणारे लोक हा टाळतात आणि पुढे पस्तावतात.

या सगळ्याच्या आधी कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाचं उदाहरण एकदा हाताने सोडवा. १९७३ मध्ये तिथल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी ८,४४२ पुरुषांनी अर्ज केले, सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला. ४,३२१ स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. उघड अन्याय वाटतो. पण विभागवार पाहिल्यावर बहुतेक विभागांत तो दिसेना, उलट एकत्रित हिशेब किंचित स्त्रियांच्या बाजूने झुकला. स्त्रियांचे अर्ज जास्त करून अशा विभागांत होते, जिथे सगळ्यांनाच प्रवेश अवघड. हा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून जगभर सांख्यिकीच्या वर्गात शिकवला जातो. आयआरमध्ये शिकायचा धडा त्याच्याही पुढचा आहे: विभागवार आकडे काढले की चौकशी संपत नाही. त्या विभागांत जागाच कमी का, आणि स्त्रिया तिकडेच का वळतात, हा प्रश्न उरतोच.

प्रश्न: सॉफ्टवेअर कोणतं शिकावं: आर, पायथन, सॅस की एसपीएसएस?

उत्तर: ज्या कचेरीत जायचं तिथे जे चालतं ते. माहीत नसेल तर आर शिका. फुकट आहे आणि सॅसकडे वळणं नंतर जड जात नाही. या वादात फार वेळ घालवू नका. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, एसक्यूएल, मात्र वाद न घालता शिका, पुढचा प्रश्न त्यावरच आहे.

प्रश्न: माझी पदवी शिक्षणशास्त्राची आहे. एसक्यूएल ‘येतं’ असं म्हणायला किती यायला हवं?

उत्तर: दोन तक्ते जोडल्यावर ओळी किती येतील, हे क्वेरी चालवण्याआधी सांगता आलं की येतं.

एक नमुना घ्या. विद्यार्थ्यांच्या तक्त्यात ८,००० ओळी, माणशी एक. मुख्य विषयांच्या तक्त्यात मात्र दुहेरी विषय घेतलेल्या ६०० जणांच्या दोन-दोन ओळी आहेत, आणि अजून विषय न ठरवलेल्या ९०० जणांची ओळच नाही. तुम्ही साधा इनर जॉइन केलात, म्हणजे दोन्ही तक्त्यांत सापडणाऱ्यांच्याच ओळी जोडल्या. न ठरवलेले ९०० गळले, दुहेरीवाल्या ६०० ओळी वाढल्या. हाती आल्या ७,७००. आता गंमत पाहा: ८,००० च्या जवळचाच आकडा, डोळ्याला खटकत नाही. दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या आहेत. हाच तक्ता पुढे सरासरी गुणांसाठी वापरला, तर दुहेरी विषयवाल्यांचं वजन दुप्पट पडतं आणि बिचारे न ठरवलेले हिशेबातच नाहीत. पहिल्या वर्षाच्या गळतीचा अभ्यास असेल तर नेमका तोच गट महत्त्वाचा.

उपाय सोपा, कंटाळवाणा आणि न चुकवण्यासारखा आहे. प्रत्येक जॉइनच्या आधी आणि नंतर एकूण ओळी आणि वेगवेगळे विद्यार्थी क्रमांक, दोन्ही मोजा. विद्यार्थ्यांच्या बाजूने लेफ्ट जॉइन करा, म्हणजे विषयाची ओळ नसलेला विद्यार्थीही गळत नाही. मुख्य विषयाच्या तक्त्यातून आधी ‘पहिला विषय’ असलेली एकच ओळ निवडून घ्या आणि मगच जोडा. सब-क्वेरी, गट करून बेरीज आणि विंडो फंक्शन, इतकं हाताला बसलं की सुरुवातीला पुरे.

आणखी एक. शिकताना जिवंत डेटाबेसवर सराव केलात तर सकाळचा आकडा संध्याकाळी येणार नाही, कारण मधल्या वेळात कुणीतरी नाव काढलेलं असतं. म्हणून कचेऱ्या सेन्ससच्या दिवशी सगळ्या तक्त्यांची प्रत गोठवून ठेवतात. अधिकृत आकडा या गोठवलेल्या प्रतीतूनच काढायचा.

प्रश्न: मी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात विश्लेषक म्हणून नुकताच लागलो. आमचा ग्रॅज्युएशन रेट फारच कमी दिसतो. आमच्याकडून चार वर्षांच्या विद्यापीठात गेलेली मुलंही अपयशात धरली जातात. हे बरोबर आहे का?

उत्तर: व्याख्येप्रमाणे बरोबर. १९९० च्या ‘स्टुडंट राइट-टु-नो’ कायद्यापासून ही व्याख्या चालत आली: पूर्णवेळ, पहिल्यांदाच आलेले, पदवी किंवा प्रमाणपत्रासाठी नाव घातलेले विद्यार्थी, आणि मुदत ठरलेल्या कालावधीच्या दीडपट. चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं, दोन वर्षांच्या पदवीला तीन. छेदातून वगळता येतात ते फक्त मृत, कायमचे अपंग झालेले, सैन्यात गेलेले, केंद्र सरकारच्या परदेशी मदतकार्याच्या सेवेत गेलेले आणि चर्चच्या अधिकृत मिशनवर गेलेले. तुमच्याकडे पदवी न घेता दुसरीकडे गेलेला विद्यार्थी वेगळ्या रकान्यात दाखवता येतो, पण छेदातून निघत नाही. अर्धवेळ शिकणारे आणि दुसरीकडून आलेले तर या हिशेबात मुळीच नाहीत, आणि कम्युनिटी कॉलेजात तेच जास्त असतात.

ही तक्रार जुनी आहे. म्हणूनच २०१५-१६ पासून ‘आउटकम मेजर्स’ हा वेगळा भाग अमेरिकी केंद्र सरकारच्या माहितीसंकलनात आला. त्यात पूर्णवेळ-अर्धवेळ आणि नवे-बाहेरून आलेले असे चारही गट असतात, आणि चार, सहा, आठ वर्षांनी कोण कुठे आहे ते नोंदवलं जातं. प्राचार्यांसमोर जाताना दोन्ही आकडे शेजारी ठेवा. जुना आकडा ‘चुकीचा’ म्हणू नका. तो एका अरुंद प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे.

प्रश्न: अनुभव नाही, म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही, म्हणून अनुभव नाही. विद्यापीठाचा डेटा तर कुणी हाताळू देत नाही. मुलाखतीत दाखवायला काय तयार करावं?

उत्तर: आयपेड्स, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांबद्दलचं केंद्राचं तेच माहितीसंकलन, वापरा. केंद्र सरकारचं विद्यार्थी-अर्थसाहाय्य घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला ही माहिती भरणं सक्तीचं आहे. ती वर्षातून तीन टप्प्यांत भरली जाते, आणि संस्थावार फाइल्स कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. एक विद्यापीठ आणि त्याच्यासारखी आठ संस्था निवडा. दहा वर्षांतल्या पदव्यांचा विषयवार कल काढा. ऐकायला सोपं आहे, पण वाटेत चार खड्डे आहेत, आणि ते ओलांडलेत हेच मुलाखतीत दाखवायचं असतं.

पहिला: विषयांचे सहा अंकी सांकेतांक. फाइल एक्सेलमध्ये थेट उघडलीत की शेतीच्या ०१ मधलं शून्य उडतं आणि शेवटची शून्यंही गळतात. हा रकाना मजकूर म्हणूनच आयात करा. दुसरा: ९९ हा सांकेतांक एकूण बेरजेचा आहे. तो न काढता बेरीज केलीत तर सगळंच दुप्पट. तिसरा: दुहेरी विषयवाल्यांचा दुसरा विषय वेगळ्या ओळीत येतो. पहिलाच विषय मोजायचा की दोन्ही, हे ठरवा आणि लिहून ठेवा. माणसं मोजायची असतील तर ही फाइलच चुकीची, कारण ती पदव्या मोजते. चौथा सगळ्यात फसवा आहे. सांकेतांकांची यादी २०२० मध्ये बदलली. डेटा सायन्सला तेव्हा ३०.७० हे स्वतःचं घर मिळालं. त्याआधी त्या पदव्या संगणकशास्त्रात, सांख्यिकीत, कुठे कुठे विखुरलेल्या होत्या. त्यामुळे तुमच्या आलेखात डेटा सायन्स शून्यातून उसळलेलं आणि शेजारचा विषय घसरलेला दिसेल. त्यातलं किती खरं आणि किती नुसती नावबदली, ते जुन्या-नव्या यादीच्या जुळणीतक्त्याने तपासावं लागतं.

मुलाखतीला न्यायचं ते एवढंच: एक पान, त्यावर एक आलेख, खाली चार ओळींत व्याख्या, आणि मागितला तर दाखवायला कोड. रंगीबेरंगी डॅशबोर्ड पायलीला पन्नास मिळतात. ‘या आलेखावरून काय म्हणता येणार नाही’ असं एक वाक्य त्या पानावर असेल तर मुलाखत घेणारा मान वर करून बघतो.

प्रश्न: आयआरमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंटशिप मिळाली आहे. आठवड्याला २० तास. पहिल्या दोन महिन्यांत काय करून घ्यावं?

उत्तर: गेल्या वर्षी छापलेला एक आकडा मागून घ्या आणि गोठवलेल्या प्रतीतून तो स्वतः काढा. उदाहरणार्थ शरदसत्राची एकूण पटसंख्या. तुमचं उत्तर सातने चुकेल. हे सात कोण, ते शोधून काढा: परदेशी सत्रावर गेलेले? फक्त श्रोते म्हणून बसणारे? शाळेत असतानाच कॉलेजचा वर्ग घेणारे? प्रत्येक संस्थेचे असे सात वेगळे असतात, आणि ते का आत किंवा बाहेर धरतात ते लेखी कुठेच नसेल तर तुम्हीच लिहून द्या. नव्या माणसाने कचेरीला दिलेली ही सगळ्यात उपयोगी भेट असते.

मग पूर्णवेळ-तुल्य संख्या, म्हणजे अर्धवेळ धरून सगळे मिळून किती पूर्णवेळ विद्यार्थ्यांइतके होतात ते. अर्धवेळ विद्यार्थ्याला एक तृतीयांश धरणारं सोपं सूत्र एकीकडे, आणि आयपेड्सचं वर्षभराच्या क्रेडिट तासांवरचं दुसरीकडे: सत्रपद्धतीत पदवीपूर्व ३० तासांचा एक विद्यार्थी, पदव्युत्तर २४ तासांचा एक. दोन्ही रीतींनी काढा. उत्तरं जुळत नाहीत आणि जुळायलाही नकोत. का, ते सांगता आलं पाहिजे.

प्रत्येक मागणीची नोंद ठेवा: कुणी विचारलं, कोणत्या निर्णयासाठी, कोणती व्याख्या वापरली, कोणत्या तारखेचा डेटा, कोडची फाइल कुठे. आणि कचेरीबाहेरची एक बैठक मागा, अर्थसाहाय्य समितीची किंवा वेळापत्रकाची. गप्प बसून ऐका. आपण दिलेल्या तक्त्यातला कोणता आकडा लोक वाचतात आणि कोणता ओलांडून जातात, ते तिथेच दिसतं. असिस्टंटशिप वर्षभर नुसते सर्वेक्षणाचे स्मरण-ईमेल पाठवण्यात जाणार असेल, तर पहिल्याच महिन्यात बोला.

प्रश्न: विद्यापीठाच्या विद्यार्थीसंख्येच्या आलेखात ‘एशियन’ गट फारच लहान आहे. आम्ही भारतीय विद्यार्थी तर एवढे आहोत!

उत्तर: तुम्ही त्या गटात नाही. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना केंद्राच्या वर्गवारीत वंशानुसार मोजत नाहीत. ते सगळे ‘नॉनरेसिडेंट’ या एकाच खान्यात, मग कुठल्याही देशाचे असोत.

प्रश्न: मी ज्या कचेरीत काम करतो तिथलाच डेटा प्रबंधासाठी वापरला तर चालेल का? डेटा तर रोज माझ्यासमोर उघडाच असतो.

उत्तर: समोर उघडा आहे तो नोकरीसाठी. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा फर्पा कायदा कर्मचाऱ्याला त्या नोंदी पाहू देतो, पण कामाच्या गरजेपुरत्याच; प्रबंध ही तुमची गरज आहे, कचेरीची नाही. म्हणून वाट अशी: आधी कचेरीच्या संचालकांची आणि डेटाच्या धारक विभागाची, बहुधा रजिस्ट्रारची, लेखी संमती. मग आयआरबीकडे, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीकडे, अर्ज. संस्थेच्या अंतर्गत वापरासाठीचा अहवाल सहसा त्या समितीच्या कक्षेत येत नाही. पण सर्वसाधारण ज्ञानात भर घालण्यासाठी केलेला पद्धतशीर अभ्यास येतो, आणि प्रबंध तर त्याचसाठी असतो. काम आधी आणि परवानगी मागाहून, हे वरातीमागून घोडं इथे चालत नाही: समिती मागच्या तारखेने मान्यता देत नाही, आणि केलेलं विश्लेषण टाकून द्यावं लागतं. डेटा तुम्ही स्वतः न काढता सहकाऱ्याने नावं आणि क्रमांक काढून द्यावा, हे सर्वांत स्वच्छ.

छापताना लहान खाने झाका. विभागात एकूण १४ विद्यार्थी, पुरुष ११, आणि स्त्रियांच्या खान्यात चांदणी, असा तक्ता आम्ही वरचेवर पाहतो. चांदणीखाली तीन आहेत हे पोरसुद्धा सांगेल. एक खाना झाकला की बेरजेतून तो उघडा पाडणारा दुसराही झाकावा लागतो, किंवा वर्ग एकत्र करावे लागतात.

प्रश्न: ‘आकडा जरा बरा दिसेल असं बघा’ असं वरून आलं तर? याचं शिक्षण कुठे मिळतं?

उत्तर: ‘जरा बरा’ यात दोन वेगळ्या गोष्टी असतात, त्या आधी सुट्या करा. तुलनेसाठी दुसऱ्या संस्था निवडा, पाच वर्षांऐवजी दहा वर्षांचा कल दाखवा, अर्धवेळ विद्यार्थी वेगळे काढा, या मागण्या वैध असू शकतात. अट एकच, निवड आलेखाखाली लिहिलेली हवी. तुलनेच्या संस्था तर निकाल पाहण्याआधीच निवडाव्यात: पटसंख्या, खर्च, पदव्यांचे प्रकार, संशोधनाचा आकार या निकषांवर. निकाल पाहून निवडलेला गट कुणीही ओळखतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खोटं भरणं. टेंपल विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलने ऑनलाइन एमबीएच्या क्रमवारीसाठी सगळ्याच नव्या विद्यार्थ्यांनी जीमॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण दिल्याचं कळवलं होतं; प्रत्यक्षात दिले होते सुमारे पाचातल्या एकाने. तिथल्या माजी डीनना न्यायालयाने दोषी ठरवलं आणि २०२२ मध्ये १४ महिन्यांची कैद झाली. प्रशिक्षणात हे प्रकरण मुद्दाम वाचावं, कारण क्रमवारीच्या अर्जातला प्रत्येक रकाना कुणातरी कर्मचाऱ्याच्या हाताने भरला जातो.

व्यावसायिक संघटनेची आचारसंहिता आहे, ती वाचा; बहुतेक सर्टिफिकेट अभ्यासक्रमांत तिच्यावर एखादा तास असतो. पण प्रसंगी उपयोगी पडते ती सवय. तोंडी मागणीला ईमेलने उत्तर द्या: ‘आपण सांगितलेल्या व्याख्येने आकडा इतका येतो, आयपेड्सच्या व्याख्येने इतका, कोणता कुठे वापरायचा ते कळवावं.’ या ईमेलला बहुधा लेखी उत्तर येत नाही, आणि मागणीही पुन्हा येत नाही. आलीच, तर तो ईमेल घेऊन संचालकांकडे जा, आणि अर्जावर सही करण्याआधी जा.